मांजरीची खाज आणि खाण्याची अ‍ॅलर्जी: नागपूरच्या मांजरवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

खालचे प्रश्न लोक खरंच विचारतात, कोणी लिफ्टमध्ये, कोणी दवाखान्याच्या बाकावर, कोणी रात्री साडेअकराला मांजरीच्या मानेचा धूसर फोटो पाठवून. मी डॉक्टर नाही, घरात मांजरी आहेत आणि त्यांच्या खाण्यापिण्याच्या भानगडी निस्तरायची सवय झाली आहे एवढंच. औषधांचे डोस मुद्दाम दिलेले नाहीत, ते डॉक्टरांनी वजन बघून द्यायचे.

मांजर दिवसभर खाजवून राहिली, म्हणजे खाण्याची अ‍ॅलर्जीच ना?

नाही हो. म्हणजे असू शकते, पण पहिला नंबर पिसवांचा. मांजरांच्या खाजेचं सगळ्यात जास्त सापडणारं कारण म्हणजे पिसू चावल्यावर तिच्या थुंकीची होणारी अ‍ॅलर्जी, मग कानातले माइट्स म्हणजे अगदी बारीक किडे, खरूज, फंगस, हवेतल्या धुळीची-परागाची अ‍ॅलर्जी आणि या रांगेत कुठेतरी खाणं. लोक काय करतात, नेटवर दोन गोष्टी वाचतात आणि थेट महागडं खाणं मागवतात, आणि पिसवा मजेत तिथेच. महिनाभराने म्हणतात फूड बदललं तरी फरक नाही. कसा पडेल?

पण आमच्या घरी पिसवा नाहीतच, एकही दिसली नाही कधी.

दिसणार नाहीच बहुतेक वेळा. मांजरीची जीभ खरखरीत, ती चाटून चाटून पिसवा गिळून टाकते, आणि जिला अ‍ॅलर्जी आहे तिला दोनचार चावे सुद्धा पुरतात. तपासायची सोपी रीत, बारीक दातांची फणी कमरेवर, शेपटीच्या बुडाशी फिरवा, जे काळे कण निघतील ते ओल्या पांढऱ्या टिश्यूवर टाका आणि थांबा. कणाभोवती लालसर-तपकिरी डाग पसरला तर ती पिसवेची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. डाग नाही आला तर साधी धूळ असेल, पण म्हणून पिसवा नाहीतच असंही नाही.

एक मादी दिवसाला ४०-५० अंडी घालते आणि ती अंडी मांजरीच्या अंगावर थांबत नाहीत, गादीत, सोफ्याच्या फटीत, पायपुसण्यात पडतात. कोषातली पिसू तर महिनोन्महिने दम धरून बसू शकते. म्हणून औषध एकदा लावून काम होत नाही, घरातल्या सगळ्या मांजरींना, कुत्रा असेल तर त्यालाही, निदान तीन महिने सलग, डॉक्टरांनी दिलेल्या वेळापत्रकाने. चादरी गरम पाण्यात धुवायच्या आणि कोपरे झाडून काढायचे.

आणि एक आपल्याकडची गंमत. लोक म्हणतात नागपूरच्या उन्हाळ्यात ४५ डिग्रीत पिसवा मरतात. उघड्या गच्चीवर मरत असतील, कोरडी गरम हवा त्यांना सोसत नाही हे खरं. पण आपल्या घरात मे महिन्यात डेझर्ट कूलर चोवीस तास सुरू असतो ना, आतली हवा दमट आणि गार, मग पिसवांना काय, त्यांची हिल स्टेशनची सोय झाली. कूलरसमोर मांजर झोपते त्या कोपऱ्यातली सतरंजी आधी बघा.

मग खाण्याची अ‍ॅलर्जी आहे असं कधी वाटायला पाहिजे?

खाज बाराही महिने सारखीच असेल, पावसाळा-हिवाळा काही फरक नाही, पिसवांचं औषध नीट चालू आहे आणि तरी थांबत नाही, तेव्हा. खास करून डोकं, मान, कानाच्या पुढची जागा इथे नखं मारून मारून जखमा झालेल्या. काही मांजरींच्या पाठीवर हात फिरवला की बारीक बारीक खपल्या लागतात, रव्यासारख्या. काहींचा वरचा ओठ सुजून त्यावर चट्टा पडतो, काहींच्या पोटावर-मांडीवर लाल ओलसर उंच चट्टे येतात. सोबत पोटाचंही काही असेल, म्हणजे वरचेवर उलटी, पातळ शी, दिवसात तीनपेक्षा जास्त वेळा शी, तर खाण्यावरचा संशय वाढतो.

पण एवढं सगळं असूनही नुसतं बघून कोणीच सांगू शकत नाही, कारण हवेच्या अ‍ॅलर्जीतही कातडी अगदी अशीच दिसते. जो फोटो बघून छातीठोक सांगेल त्याच्यापासून जरा लांबच राहा.

आमची खाजवतच नाही, फक्त पोटावरचे केस गेले. टेन्शनमुळे असेल का?

हा प्रश्न हमखास येतो, आणि बहुतेक वेळा घरात पाहुणे आले होते किंवा घर बदललं होतं असं काहीतरी कारणही शोधून ठेवलेलं असतं. मांजर चाटते ते सुद्धा खाजवणंच आहे, आणि ती लपून चाटते, तुम्ही ऑफिसला गेल्यावर, रात्री पलंगाखाली. डॉक्टर केस सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, टोकं तुटलेली असतील तर मांजरच ते चाटून तोडते आहे. टेन्शनचं निदान सगळ्यात शेवटी, बाकी सगळं तपासून झाल्यावर. पोटाखाली, लघवीच्या जागेजवळच चाटत असेल तर लघवीचा त्रास नाही ना हेही बघून घ्या.

तीन वर्षांपासून तेच खाणं खाते, आता अचानक अ‍ॅलर्जी कशी?

अ‍ॅलर्जी अशीच होते. शरीराची खाण्यातल्या त्या प्रोटीनशी आधी ओळख व्हावी लागते, मग कधीतरी ते बिनसतं. त्यामुळे ‘कालपर्यंत तर चालत होतं’ हा काही पुरावा नाही. कोणत्याही वयात सुरू होऊ शकते, वर्षाच्या आतल्या पिल्लातही.

कशाची होते जास्त?

मांजरांमध्ये जे जास्त सापडलेत ते म्हणजे बीफ, मासे आणि चिकन, त्यामागे गहू, मका, दुधाचे पदार्थ वगैरे. लक्षात घ्या, प्रोटीन मुख्य. ‘ग्रेन फ्री’ लिहिलेलं पाकीट आणून चिकनची अ‍ॅलर्जी जात नाही, आणि दुकानदार हेच पाकीट पुढे करतो. दुसरी फसगत म्हणजे पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात मासा आणि मागच्या बारीक अक्षरात चिकन मील, पोल्ट्री बाय-प्रॉडक्ट. पुढची बाजू फक्त फ्लेवर सांगते. मागची यादी वाचायची सवय लावून घ्या, चष्मा लावून.

दूध प्यायली की जुलाब होतात, ही पण अ‍ॅलर्जीच का?

बहुधा नाही. मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरींना दुधातली साखर पचत नाही, तो पचनाचा मामला. खाज नाही, फक्त पातळ शी, तर दूध बंद करा, विषय संपला.

ब्लड टेस्ट करून यादीच काढली तर? खाणं बदलून आठ आठवडे बघत कोण थांबेल?

सगळ्यांना हेच पाहिजे असतं, रिपोर्ट हातात आला की बरं वाटतं. पण खाण्याच्या अ‍ॅलर्जीसाठी रक्ताच्या टेस्ट भरवशाच्या नाहीत, केसांच्या आणि लाळेच्या तर अजिबातच नाहीत. रिपोर्टमध्ये दहा गोष्टी पॉझिटिव्ह येतात, त्यातल्या नऊ मांजर आरामात पचवते, आणि खरी कोणती ते कळत नाहीच. तो पैसा खाण्यावर खर्च करा. खात्रीची पद्धत एकच, खाणं बदलून बघणं आणि मग जुनं खाणं परत देऊन बघणं.

हे आठ आठवडे म्हणजे नक्की काय करायचं?

एकच खाणं आणि पाणी, बाकी काही नाही. ऐकायला सोपं.

खाण्याचे दोन प्रकार. एक, हायड्रोलाइज्ड म्हणजे ज्यात प्रोटीनचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीर सहसा त्याला ओळखत नाही. रॉयल कॅनिनचं हायपोअलर्जेनिक, हिल्सचं झेड/डी, फार्मिनाचं अल्ट्राहायपो ही त्यातली नावं. मांजरीचंच आहे ना ते बघा, यांची कुत्र्यांसाठीची पाकिटं वेगळी असतात. डॉक्टरांना विचारून घ्यायचं आणि पुढचं पाकीट आधीच मागवून ठेवायचं, कारण मध्येच संपलं आणि दोन दिवस जुनं घातलं की झाली मेहनत वाया. दोन, जे मांस मांजरीने आजपर्यंत कधीच खाल्लेलं नाही असं. इथे प्रामाणिकपणे आठवा, पाकिटांच्या मागच्या यादीतलंही धरा. चिकन बंद करून बदक किंवा लावा पक्षी देणं फारसं शहाणपणाचं नाही, पक्षी-पक्षी जवळचे नातेवाईक, एकाची अ‍ॅलर्जी दुसऱ्याला लागू पडू शकते.

आठ आठवडे का, तर खाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या दहातल्या नऊपेक्षा जास्त मांजरी तेवढ्या वेळात सुधारलेल्या दिसतात. पोटाचा त्रास लवकर बरा होतो, कातडी वेळ घेते. तिसऱ्या आठवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून सोडणारे लोक खूप, आणि मग तेच लोक म्हणतात हे सगळं थोतांड आहे.

या काळात ट्रीट बंद, हेअरबॉलची पेस्ट बंद, चिकन फ्लेवरची जंताची गोळी, मल्टिव्हिटामिन, फिश ऑइलची कॅप्सूल हे सगळं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. गोळी चीजमध्ये लपवून द्यायची सवय असेल तर तीही बंद. जंताचं औषध पाठीवर लावायचंही मिळतं. आणि खाजेला दहापैकी मार्क द्या दर रविवारी, त्याच जागेचा त्याच उजेडात फोटो काढा, कारण रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही आणि घरातल्या दोन माणसांची मतं कधीच जुळत नाहीत.

घरीच मटण शिजवून दिलं तर चालेल ना? ते पाकीट परवडत नाही.

आपल्याकडे बोकडाचं मटण सहज मिळतं आणि बऱ्याच मांजरींनी ते कधी खाल्लेलं नसतं, त्यामुळे या खाणं बदलून बघायच्या टेस्टसाठी ते चांगलं निघू शकतं. बीफ किंवा दुधाची अ‍ॅलर्जी असण्याचा संशय असेल तर मात्र आधी विचारून घ्या. पण फक्त पाण्यात उकडलेलं, बिनमिठाचं. घरात रविवारी सावजी रस्सा झाला, त्यातला एक पीस धुवून दिला, असं नाही चालत, कांदा-लसणाने मांजरीच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, आणि धुतल्याने मसाल्यातला कांदा जात नाही. हाडंही नाही, शिजवलेलं हाड तर मुळीच नाही.

दुसरी अडचण मोठी आहे. नुसतं मटण म्हणजे पूर्ण आहार नाही. मांजरीला टॉरिन नावाचं अमिनो आम्ल खाण्यातूनच मिळावं लागतं, ते कमी पडलं की हृदय मोठं होऊन दुबळं पडतं, डोळ्याचा पडदा खराब होतो. टॉरिनचा आणि हृदयाचा हा संबंध १९८७ मध्ये सिद्ध झाला, त्यानंतर कंपन्यांनी खाण्यात टॉरिन वाढवलं. मांस उकडलं की बरंचसं टॉरिन पाण्यात उतरतं, ते पाणी फेकू नका, त्यातच कालवून द्या. नुसत्या मांसात कॅल्शियमही नसल्यातच जमा. म्हणून घरचं खाणं देणार असाल तर टॉरिन, कॅल्शियम, व्हिटामिनचं काय आणि किती ते डॉक्टरांकडून लिहून घ्या, पिल्लू असेल तर घरच्या भानगडीत पडूच नका, हायड्रोलाइज्ड घ्या.

आणि पनीर, भात, सोया असं शाकाहारी? नाही. मांजर मांसाहारीच आहे, तिला कोणी विचारलेलं नाही.

श्रावण सुरू झाला, आमच्याकडे महिनाभर घरात मटण येत नाही.

मग घरचं शिजवायचं ठरवलं असेल तर सुरुवातच श्रावण संपल्यावर करा, किंवा सरळ कोरड्या हायड्रोलाइज्ड दाण्यांवर जा, त्याला ना वास ना वेगळं भांडं. आठ आठवडे मोजताना कॅलेंडर समोर ठेवायचं, मध्ये काय काय येतं ते बघायचं. पित्तरपाटात घरोघरी खीर होते, दिवाळीत पाहुणे, लग्नसराईत घर भरलेलं. अशा घरात कोणी ना कोणी मांजरीला काहीतरी घालणारच.

आजी गुपचूप दूधपोळी देते, सांगून ऐकत नाही. काय करू?

भांडू नका. आजीला मार्क द्यायचं काम द्या. खरंच. फोटो दाखवा, मान कशी होती आणि आता कशी आहे, आणि सांगा की आजी, तुम्हीच ठरवा फरक पडला का. आणि आजीला भरवायचंच असेल तर तिच्या डब्यात रोजच्या कोट्यातले मूठभर नवीन दाणे काढून द्या, ती तेच भरवेल. प्रेमाने भरवणाऱ्याला ‘नको’ सांगण्यापेक्षा ‘हे भरवा’ सांगितलेलं लवकर पचतं. कामवाल्या ताई, शिकवणीला येणारी पोट्टी, समोरच्या फ्लॅटवाले काका, या सगळ्यांना एकदा सांगावंच लागतं.

घरात तीन मांजरी, आणि एक बाहेरही जाते.

तिघींना तेच खाणं देणं सगळ्यात सोपं, खिशाला जड पडतं पण गोंधळ नाही. परवडत नसेल तर वेळ ठरवून, वेगवेगळ्या खोलीत, दार बंद करून, वीस मिनिटांनी ताटल्या उचलायच्या. दिवसभर भरलेली वाटी ठेवायची सवय मोडावी लागेल. बाहेर जाणाऱ्या मांजरीची टेस्ट मात्र जवळपास होतच नाही, ती कुठे पाल खाते, कुठे चहाच्या टपरीवर बिस्किट. दोन महिने घरात ठेवता येत असेल तरच सुरू करा.

नवीन खाण्याला तोंडच लावत नाही. उपाशी ठेवलं की खाईल ना?

कुत्र्याचा हट्ट आणि मांजरीचा हट्ट यात मोठा फरक. मांजर, खास करून गुबगुबीत मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिली की अंगातली चरबी लिव्हरमध्ये जमायला लागते, आणि ते जिवावर बेततं. त्यामुळे उपाशी ठेवून शिकवायचं नाही. आठवडा-दीड आठवडा जुन्यात थोडं थोडं नवीन मिसळत जा, कोमट करून द्या, आणि आठ आठवडे जुनं पूर्ण बंद झाल्या दिवसापासून मोजा. चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन.

बरी झाली! आता जुनं खाणं दिलं तर?

द्यायचंच आहे, मुद्दाम. लोक हे टाळतात, मला समजतं का ते, एवढ्या मुश्किलीने खाज गेली तर परत कशाला. पण त्याशिवाय खाण्यामुळे बरी झाली की पिसवांच्या औषधाने की मोसम बदलल्याने हे कळणार नाही आणि तुम्ही आयुष्यभर उगाच महाग पाकीट विकत घेत राहाल. जुनं खाणं परत सुरू केलं की अ‍ॅलर्जी असेल तर काही तासांपासून १४ दिवसांपर्यंत खाज परत येते. आली की थांबवा, चांगल्या खाण्यावर परत या, शांत होऊ द्या. मग एकेक वस्तू, फक्त उकडलेलं चिकन दोन आठवडे, मग फक्त मासा. जे निघेल ते कायमचं बंद, बाकी चालू. ओठ-डोळे एकदम सुजले, श्वासाला त्रास झाला असं आधी कधी झालं असेल तर मात्र हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

इंजेक्शन दिलं की महिनाभर एकदम मस्त राहते, मग तेच का नाही घ्यायचं?

ते बहुतेक लांब टिकणारं स्टेरॉइड असतं. खाज थांबते, कारण तसंच राहतं. कधीतरी गरज पडते, वाईट औषध नाही ते, पण दर महिन्याला घेत राहिलं तर मांजरींना डायबिटीस होऊ शकतो, आणि एकदा इंजेक्शन दिलं की ते परत काढता येत नाही. गोळी कमी-जास्त करता येते, म्हणून लागलंच तर प्रेडनिसोलोनच्या गोळ्या डॉक्टरांच्या हिशोबाने. खाण्याच्या टेस्टमध्ये सुरुवातीला खाज फार असेल तर थोडे दिवस गोळी देतात, पण शेवटचे काही आठवडे गोळी बंद करून बघावं लागतं, नाहीतर कशाने बरं वाटलं ते कोण सांगणार.

घरगुती काही? कडुलिंब, डेटॉल, संत्र्याची सालं?

नागपुरात राहून संत्र्याचं नाव निघणारच. सालीच्या तेलात लिमोनीन असतं, त्याने पिसवा मरतात हे खरं, पण मांजरीलाही ते बाधतं. कडुलिंबाचं तेल, टी ट्री ऑइल, कापूर, डांबर गोळ्या, हे सगळं नको. मांजर अंगाला लावलेलं सगळं चाटते आणि तिचं लिव्हर अशा गोष्टी नीट निचरा करत नाही. डेटॉल, फिनाइल तर जखमेवरही नको आणि तिच्या फरशीवरही जपून. खोबरेल तेल विषारी नाही, पण खाज जात नाही आणि चाटून जुलाब होतात. हळदीने फक्त सोफा पिवळा होतो.

सगळ्यात धोक्याचं म्हणजे कुत्र्यांचं गोचीड-पिसवांचं औषध ‘थोडंसं’ मांजरीला लावणं. त्यात परमेथ्रिन असेल तर मांजर थरथरते, झटके येतात, मरूही शकते. अमिट्राझ हा घटक असलेलंही नको. पाकिटावर मांजरीचं चित्र आणि वजन लिहिलेलं असेल तेच.

माणसांची मलम, गोळी?

खाज-गजकर्णाची जी तिहेरी मलम मेडिकलमधून आणतो त्यात तगडं स्टेरॉइड असतं, फंगस असेल तर ते उलट पसरतं, आणि मांजर चाटते ते वेगळं. पॅरासिटामॉल तर एक गोळीही जीव घेते. अ‍ॅलर्जीची गोळीही मनाने नको, सर्दीच्या कॉम्बिनेशनवाल्या तर मुळीच नाही.

आता घरात आम्हालाही खाज सुटून राहिली.

मग खाण्याची अ‍ॅलर्जी बाजूला ठेवा. गोल चट्टे उठले असतील तर मांजरीकडून आलेला गजकर्ण, घोट्यांपाशी चावे असतील तर पिसवा, मांजरीच्या कानाच्या कडेला जाड राखाडी पापुद्रे असतील तर खरूज. तिन्ही माणसांना त्रास देतात आणि तिन्हींवर चांगले इलाज आहेत. तुम्ही त्वचेच्या डॉक्टरकडे जाल तेव्हा घरात मांजर आहे हे सांगा.

आठ आठवडे काटेकोर केलं, तरी खाज आहेच.

तर खाणं बहुधा सुटलं यादीतून, ही पण माहितीच आहे. उरतं ते हवेतलं, धुळीतले माइट्स, बुरशी, पराग. पावसाळ्यानंतर आपल्या रिकाम्या प्लॉटांवर गाजरगवत माजतं, तेव्हा वाढत असेल तर नोंद ठेवा. यावर सायक्लोस्पोरिनसारखी औषधं आहेत, आयुष्य बऱ्यापैकी आरामात जातं. कुत्र्यांसाठीचं खाजेचं अँटीबॉडी इंजेक्शन मात्र मांजरींना चालत नाही, ते कुत्र्यांसाठीच बनवलेलं आहे.

डॉक्टरकडे नेताना काय न्यायचं? आणि घाई कधी?

खाज जुनी असेल, साधे उपाय झाले असतील आणि कळत नसेल तर सेमिनरी हिल्सला नागपूर व्हेटरनरी कॉलेज आहे, १९५८ पासूनचं, आता माफसू म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली, तिथल्या दवाखान्यात त्वचेचे नमुने काढून बघायची सोय होते, ओपीडीची वेळ आधी विचारून जा. नेताना खाण्याच्या पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो, आधीची औषधं तारखांसकट, खाजेचे फोटो, आणि दोन दिवस आधीपासून अंगाला काही फासायचं नाही, आंघोळ तर नाहीच. उन्हाळ्यात सकाळी लवकर जा, पिंजऱ्यावर ओला कपडा नुसता टाकून हवा बंद करू नका.

घाई तेव्हा, जेव्हा चेहरा सुजला, श्वास तोंडाने घेऊन राहिली, जखमेतून पू किंवा वास येतोय, खाणं पूर्ण बंद आहे, किंवा चुकून कुत्र्याचं औषध लागलंय. या शेवटच्या बाबतीत औषधाचा डबा सोबत घ्या, आतला घटक वाचून डॉक्टर लगेच ठरवू शकतात.